वृत्त, कहाणी आणि पुराण : एका नोकरीच्या निवडीची तीन आत्मकथने

प्रस्तावना

मराठी आत्मचरित्राच्या अभ्यासात लेखकाच्या उमेदीच्या काळातील निर्णयांना विशेष महत्त्व दिले जाते. कोणते शिक्षण घेतले, कोणती नोकरी धरली, कोणती नाकारली या घटनांभोवती पुढील आयुष्याची मांडणी केली जाते आणि पुष्कळदा ती मांडणी लेखकानेच आधी करून ठेवलेली असते. उतारवयात मागे पाहणाऱ्या व्यक्तीला आपली वाट सरळ दिसणे स्वाभाविक आहे. मात्र समीक्षेनेही तीच सरळ रेषा गृहीत धरली, तर आत्मचरित्राचा अभ्यास हा गुणगौरवाचा एक प्रकार होऊन बसतो. महाविद्यालयीन व्याख्यानांतून आणि विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या मार्गदर्शनपर भाषणांतून थोरांची चरित्रे ज्या रीतीने वापरली जातात, ती पाहता ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. 'त्यांनी तरुणपणीच ध्येय निश्चित केले' हे वाक्य अशा भाषणांत इतके सहज येते की, ते मूळ ग्रंथात आहे की नाही हे पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने धोंडो केशव कर्वे यांच्या 'आत्मवृत्त' (१९१५) या ग्रंथाचा विचार केला आहे. मात्र तो एकट्याचा नव्हे. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' (१९२८) आणि पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' (१९४४) ही दोन पुस्तके त्याच्या शेजारी ठेवली असता एक वेगळेच चित्र समोर येते. एकाच कुटुंबाच्या आणि एकाच संस्थेच्या परिघातील तीन व्यक्तींनी सुमारे तीस वर्षांच्या अवधीत लिहिलेली ही तीन आत्मकथने आहेत. तिन्हींच्या मुळाशी एका पुरुषाने वयाच्या तेहतिसाव्या वर्षी स्वीकारलेली एक नोकरी आहे. ती नोकरी कोणाच्या आयुष्यात काय करून गेली, याचा हिशेब मात्र तिन्ही पुस्तकांत सारखा जुळत नाही.

साताऱ्याची परीक्षा

'आत्मवृत्ता'तील सर्वाधिक परिचित प्रसंग म्हणजे मुरुडहून साताऱ्यापर्यंतचा पायी प्रवास. १८७५ च्या सुमारास मराठी सहावी इयत्तेच्या सरकारी परीक्षेला बसण्यासाठी कर्वे सोबत्यांसह कुंभार्ली घाट चढून साताऱ्यास गेले. अंतर शंभर मैलांहून अधिक होते. ही परीक्षा उत्तीर्ण झाली की शिक्षकाची किंवा कचेरीतील कनिष्ठ नोकरी मिळण्याचा मार्ग मोकळा होत असे. कोकणातील ओढगस्तीच्या ब्राह्मण कुटुंबातील मुलाला त्यापलीकडची आकांक्षा फारशी उपलब्ध नव्हती. परीक्षेस बसण्यासाठी सतरा वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते. ती पूर्ण झालेली असूनही अंगकाठीवरून मुलगा लहान दिसतो, या कारणाने कर्व्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. पुढे कोल्हापूर येथून त्यांनी ही परीक्षा दिली व ते उत्तीर्ण झाले.

हा प्रसंग चिकाटीचा आदर्श म्हणून सांगितला जातो. ग्रंथाच्या ओघात पाहिले असता त्याचा अर्थ बराच निराळा आहे. येथे चिकाटीला फळ आलेले नाही. चार पावले उंच दिसला असता तर हा मुलगा त्याच वर्षी कारकून किंवा गावचा पंतोजी होण्याच्या रांगेत उभा राहिला असता. त्या परीक्षेच्या दारातून आत जाण्याची त्याची पूर्ण तयारी होती. उशीर झाला, त्या उशिरात इंग्रजी शिक्षणाचा विचार पुढे सरकला आणि अखेर मुंबईस जाऊन १८८१ मध्ये, म्हणजे तेविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित विषय घेऊन बी.ए. झाले. पहिली निवड ही निवडीपेक्षा नकाराच्या अधिक जवळ जाणारी होती, हे 'आत्मवृत्त' लपवत नाही. कर्व्यांच्या गद्याचे हे बळ आहे. ते साधे, आकडे आणि तपशील सांभाळणारे, स्वतःविषयी फुगवून न बोलणारे गद्य आहे. प्रसंगाला ध्येयवादाची झळाळी नंतरच्या कथनकारांनी चढवली, लेखकाने नव्हे.

याच भागात मुरुडच्या सोमण गुरुजींचे जे स्थान आहे, तेही लक्षात घेण्यासारखे आहे. गुरुजींच्या सहवासाने सार्वजनिक कामाची आवड लागली, असे कर्वे मानतात. पण ही आवड म्हणजे व्यवसाय नव्हे. पोटासाठी काय करावे आणि उरलेल्या वेळात काय करावे या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांच्या तरुणपणी पूर्णपणे वेगळी होती. मुंबईत शिकवण्या आणि शाळांतील तासिका यांवर ते कुटुंब चालवीत. मिळकतीतील ठरावीक हिस्सा मुरुडच्या कामासाठी बाजूला काढीत. या दोन गोष्टी एकत्र येण्यास कारण झाली ती पुण्याची नोकरी.

रिकामी झालेली जागा

१८९० च्या अखेरीस लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताच्या अध्यापनाची व्यवस्था लावणे संस्थेला भाग होते. गोपाळ कृष्ण गोखले हे एल्फिन्स्टनमधील कर्व्यांचे समकालीन. त्यांनी कर्व्यांना पुण्यास येण्याविषयी विचारले आणि १८९१ मध्ये कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. महाविद्यालयात शिकवणे आपल्याला साधेल की नाही, याविषयी त्यांच्या मनात शंका होती. म्हणजे ही निवडही एका दृष्टीने दुसऱ्याच्या निर्णयाचा परिणाम होती. टिळक आणि त्यांचे सहकारी यांच्यातील मतभेद विकोपाला गेले नसते, तर जागा रिकामी झाली नसती. शिवाय ती रिकामी झाल्याची वार्ता पत्राने ज्याच्या घरी पोहोचावी, असे वर्तुळही उपलब्ध असावे लागते. एल्फिन्स्टनचे सहाध्यायी, पुण्या-मुंबईतील उच्चवर्णीय पदवीधर यांचे ते लहानसे वर्तुळ होते. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०) यांसारख्या पुढील काळातील आत्मकथनांनी व्यवसाय हा जन्माने कसा लादला जातो हे दाखवून दिले. त्यानंतर 'आत्मवृत्ता'कडे वळणाऱ्या वाचकाला हे वर्तुळ अधिक ठळकपणे जाणवते.

सोसायटीच्या आजीव सदस्यत्वाची अट वीस वर्षे सेवेची होती. वेतन दरमहा ७५ रुपये. मुंबईत शिकवण्या वाढवून याहून अधिक मिळवणे अशक्य नव्हते. तरीही या करारात एक गोष्ट अशी होती, जी मुंबईच्या धावपळीत मिळणारी नव्हती. ती म्हणजे निश्चिती. पगार थोडा, पण ठरलेला. कामाचे तास ठरलेले. आणि वीस वर्षे आपण कुठे असू याचे उत्तर आधीच मिळालेले. ज्याला पगारवाढीचा विचार करायचा नाही, त्याची उरलेली सगळी शक्ती मोकळी राहते. 'आत्मवृत्त' वाचताना कर्व्यांच्या सामाजिक कार्याची चर्चा त्याग, निष्ठा, करुणा या शब्दांत केली जाते. त्या कार्याला वेळापत्रक कोणी दिले हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ते फर्ग्युसनने दिले. हिंगण्याची पहिली झोपडी १९०० मध्ये उभी राहिली, तेव्हा महाविद्यालयातील काम आटोपून पुण्याहून हिंगण्यास पायी जाणे आणि परत येणे हा त्यांचा क्रम होता. हा क्रम एका प्राध्यापकाच्याच आवाक्यातला आहे. व्यापाऱ्याच्या, वकिलाच्या किंवा सरकारी अंमलदाराच्या नव्हे.

दुसरी गोष्ट अशी की, या नोकरीने कर्व्यांना पुण्यात आणले. पहिल्या पत्नी राधाबाई यांचे निधन १८९१ मध्येच झाले. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यास आले होते आणि त्या सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई या कर्व्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या भगिनी होत्या. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा पुनर्विवाह झाला. गोदूबाई आनंदीबाई झाल्या. मुरुडकरांनी बहिष्कार घातला, पण पगार चालू राहिला. पुनर्विवाह केला म्हणून अध्यापकाला दूर न करणारी संस्था त्या काळात मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. याची तुलना पुढच्याच पिढीशी करता येते. राधाबाईंचे पुत्र रघुनाथ हेही गणिताचेच प्राध्यापक झाले. संततिनियमनाच्या प्रचारामुळे १९२५ मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. विषय एकच, पेशा एकच, लोकमताला न जुमानण्याची वृत्तीही जवळपास एकच. फरक पडला तो मालक असलेल्या संस्थेने किती सोसायचे ठरवले यात. करिअरच्या चर्चेत व्यक्तीच्या धैर्याला जितकी जागा दिली जाते, त्याच्या अर्धी तरी जागा संस्थेच्या सोशिकपणाला द्यावी लागेल.

ग्रंथाचे वर्ष

'आत्मवृत्त' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले, या साध्या नोंदीकडे अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने पाहावयास हवे. कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, कामाचा मुख्य भाग संपला असे मानण्याजोग्या क्षणी, हे पुस्तक आले. अनाथ बालिकाश्रम मंडळी (१८९६), हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यालय (१९०७) असा त्याचा चढता आलेख आहे. जपानमधील महिला विद्यापीठाविषयीची पुस्तिका वाचून डिसेंबर १९१५ मध्ये सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्त्रियांच्या विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते विद्यापीठ सुरू झाले. म्हणजे ज्या कार्यासाठी आज कर्वे प्रामुख्याने ओळखले जातात, ते आत्मचरित्र प्रसिद्ध झाल्यानंतरचे आहे. १९३६ मध्ये 'लुकिंग बॅक' हे इंग्रजी आत्मकथन आले. पुढे १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले आणि १९६२ मध्ये, वयाच्या एकशे पाचाव्या वर्षात, त्यांचे निधन झाले.

यातून आत्मचरित्राच्या समीक्षेला एक उपयुक्त दृष्टी मिळते. उमेदीतील कोणता निर्णय 'निर्णायक' ठरतो, हे कथन कुठे थांबते यावर अवलंबून असते. १९१५ मध्ये थांबणाऱ्या कथनात पुनर्विवाह आणि आश्रम हे केंद्र आहे. विद्यापीठापर्यंत जाणाऱ्या चरित्रांत तोच पुनर्विवाह एक पायरी होतो आणि मुंबईतील मुलींच्या शाळांत शिकवल्याची बारीक नोंद एकाएकी भविष्यसूचक वाटू लागते. घटना त्याच राहतात. त्यांचा क्रमांक बदलतो.

दोन बहिणी

पार्वतीबाई आठवले या आनंदीबाईंच्या धाकट्या भगिनी. वयाच्या विशीत वैधव्य आले, पदरात मूल होते. 'माझी कहाणी'त व्यवसायनिवडीचा क्षण शोधू गेल्यास तो सापडत नाही. जे आहे ते वेगळे आहे. ज्या वयात कर्वे पदवीधर होऊन शिकवू लागले होते, त्या वयात पार्वतीबाईंनी अद्याप शिक्षणास नीट आरंभही केलेला नव्हता. मेव्हण्यांच्या घरी आल्यानंतर त्या शिकल्या, आश्रमात शिक्षिका झाल्या, व्यवस्था पाहू लागल्या आणि निधी गोळा करण्यासाठी गावोगाव हिंडल्या. १९१८ ते १९२० या काळात त्या अमेरिकेत होत्या. इंग्रजी अत्यल्प, जवळ पैसा नाही, अशा स्थितीत घरकामाची नोकरी करून त्यांनी तेथे दिवस काढले. पन्नाशीच्या उंबरठ्यावरील एका कोकणस्थ विधवेने परक्या देशात मोलकरणीचे काम करावे आणि ते मोकळेपणाने लिहावे, हे मराठी आत्मचरित्रातील असाधारण पान आहे. त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही.

पार्वतीबाईंनी पुनर्विवाह केला नाही. त्यांचे केशवपन झालेले होते व पुढे बराच काळ त्या त्याच वेषात वावरल्या. आश्रमासाठी वर्गणी मागताना या वेषाचा उपयोग झाला, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. कर्व्यांनी विधवाविवाहाची चळवळ आणि विधवांचे शिक्षण या दोन कार्यांत जाणीवपूर्वक अंतर ठेवले होते. आश्रम म्हणजे पुनर्विवाहाचा कारखाना, असा समज पसरला असता तर सनातनी घरांतून मुलीही आल्या नसत्या आणि पैसाही आला नसता. परिणामी दोन बहिणींपैकी जी विधवाच राहिली ती संस्थेचा चेहरा झाली. जिने पुनर्विवाह केला तिला त्या संस्थेच्या आरंभीच्या काळात दूर राहावे लागले. ही संस्था जिच्या पतीने काढली, तिच्याच आयुष्यातील सर्वांत धाडसी कृती संस्थेच्या दृष्टीने अडचणीची होती. 'आत्मवृत्ता'त हे धोरण म्हणून येते. ते एका बाईच्या अंगावर कसे आले, हे समजण्यासाठी 'माझे पुराण'च उघडावे लागते.

पुराण सांगणारी बाई

तीन पुस्तकांच्या नावांत फरक आहे आणि तो अर्थपूर्ण आहे. 'वृत्त' म्हणजे घडलेल्याचा निवेदनवजा अहवाल. त्यात 'आत्म' जोडले तरी शब्दाचा कोरडेपणा जात नाही, आणि गणिताच्या अध्यापकाला तो शब्द आणखी एका अर्थाने जवळचा होता. 'कहाणी' हा व्रतवैकल्यांच्या संदर्भातील, बायकांनी बायकांना सांगायचा प्रकार. संकट, कष्ट, आणि शेवटी सुफळ संपूर्ण होणे, हा त्याचा घाट. पार्वतीबाईंचे लेखन या घाटाच्या बरेच जवळ जाते. 'पुराण' हा शब्द मात्र दुधारी आहे. देवळात पुराण सांगणारा पुरुष असतो आणि ऐकणाऱ्या बहुधा स्त्रिया, त्यांतही विधवा. दुसरीकडे घरात एखादी बाई लांबण लावू लागली की 'पुरे तुझे पुराण' असे म्हटले जाते. बायांनी श्रोत्यांच्या रांगेतून उठून पुराणिकाची जागा घेतली आहे आणि त्याच वेळी आपले सांगणे कोणाला कंटाळवाणे वाटेल याची थट्टाही करून ठेवली आहे. १९४४ मध्ये स्नुषा कावेरी कर्वे यांच्या संपादनाने हे पुस्तक निघाले, तेव्हा बाया एकोणऐंशी वर्षांच्या होत्या आणि कर्वे शहाऐंशी.

या पुस्तकातील जमाखर्च हा 'आत्मवृत्ता'तील जमाखर्चाची दुसरी बाजू आहे. कर्वे संस्थेला मिळालेली देणगी पैपर्यंत नोंदवतात. बाया घरात काय कमी पडले ते सांगतात. ७५ रुपयांचा ठरलेला पगार, त्यातून बाहेर जाणारा भाग, वाढते कुटुंब, घरी राहणारी इतर मुले आणि पतीचा दिवसाचा बहुतेक वेळ घराबाहेर. वर पाहिल्याप्रमाणे फर्ग्युसनच्या नोकरीने एक निश्चिती दिली होती. त्या निश्चितीचा वेळेच्या रूपातील लाभ संस्थेला मिळाला आणि पैशाच्या रूपातील तोटा घराने सोसला. वीस वर्षांचा करार एकाने केला, तरी तो पाळणारी माणसे अनेक होती. बायांच्या सांगण्यात तक्रार आहे, पण रडगाणे नाही. पतीविषयीचा आदर आणि त्याच्या निष्काळजीपणाविषयीचा राग एकाच परिच्छेदात नांदू शकतात, हे त्यांचे गद्य दाखवते. मराठी समीक्षेने त्यातील आदर उचलला आणि रागाला 'मिश्किलपणा' असे नाव दिले. हे वाचन अपुरे आहे. आपल्या वाट्याला आलेल्या आयुष्याचे दुसऱ्याच्या निवडीशी असलेले नाते बायांना नेमके कळले होते आणि ते त्यांनी पुरेशा स्पष्टतेने मांडले आहे.

'माझे पुराण'मध्ये एक हकिगत अशी आहे जी व्यवसायनिवडीच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाची मानता येईल. लग्नानंतर, मातृत्वाची जबाबदारी अंगावर असताना, बाया सुईणीचे शिक्षण घेण्यासाठी नागपूरला गेल्या. पतीच्या कार्यावर विसंबून राहता येणार नाही, स्वतःच्या हाती काही विद्या असावी, हा त्यामागील विचार. तिन्ही पुस्तकांत 'मी हे काम शिकेन आणि त्यावर उभी राहीन' असे आधी ठरवून केलेली कृती शोधायची झाली, तर ती ना साताऱ्याच्या वाटेवर सापडते, ना फर्ग्युसनच्या करारात. ती येथे आहे. कर्व्यांकडे निवड चालून आली आणि त्यांनी तिचे सोने केले. पार्वतीबाईंना संस्थेने काम दिले आणि त्यांनी ते पुढे नेले. बायांनी मात्र स्वतः काम निवडले. पण तिला ना संस्था मिळाली, ना वीस वर्षांची हमी. शिकलेली विद्या घर, शेजार आणि प्रसंगोपात्त आलेल्या गरजा यांत वापरली गेली आणि तिची नोंद तिच्या स्वतःच्या पुराणाव्यतिरिक्त फारशी कोठे राहिली नाही. कर्व्यांच्या चरित्रांत नागपूरचा उल्लेख आलाच, तर तो 'पत्नीनेही स्वावलंबनाचा मार्ग धरला' अशा एका ओळीत संपतो. ती ओळ उलगडून तिचे एक प्रकरण करणे, आणि ते करताना 'आत्मवृत्ता'तील त्याच वर्षांची पाने समोर उघडी ठेवणे, हे या तीन पुस्तकांच्या अभ्यासकापुढचे काम आहे.